पट्टा तुटला त्याची गोष्ट

बाब-अल-बहरैनच्या मागच्या गल्लीत, मलबारी चहावाल्याच्या दुकानापुढं उभा राहून मायकल मच्याडो डाव्या हातातल्या फोनवर आलेला मेल वाचत होता आणि उजव्या हातातला कागदी कप हळूहळू कलंडत चालला होता. उकळता करक चहा बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आला, तिथून शर्टाच्या बाहीत शिरला, तेव्हा ओरडला तो चहावाला, मायकल नव्हे. "चाचा, हाथ देखो, हाथ." मायकलनं पाहिलं. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तळव्याची ती कड लाल झाली होती, वर सायीचा एक पापुद्रा चिकटला होता. दुसऱ्या कुणाचा तरी हात बाजारात सापडावा आणि तो कुणाला नेऊन द्यायचा याचा विचार करावा, तसा तो जरा वेळ हाताकडे बघत राहिला. "गरम नहीं लगा?" चहावाल्यानं फडकं पुढं करत विचारलं. "लगा ना," मायकल म्हणाला. समोरच्याला जे उत्तर हवं असेल ते द्यायची त्याला जुनी खोड होती, आणि शिवाय उकळता चहा सांडून काही वाटलं नाही असं सांगितलं, तर लोक पुढचे प्रश्न विचारतात.

मेल होता पाचसात ओळींचा, स्पेनमधल्या त्या समुद्रकाठच्या शाळेचा, जिथं माणसांना पतंगाला बांधून पाण्यावर धावायला शिकवतात. इंग्रजी तोडकं होतं, त्यामुळं गोड बोलायला त्यात जागाच नव्हती. तुमची मुलगी लॉरा हिच्या तक्रारीत म्हटलंय की पाठीमागचा पट्टा तुटल्यामुळं तुमची पत्नी उडाली आणि तिचं मनगट मोडलं. आमची शिक्षिका रोसीओ म्हणते, पट्टा तुटलेला नव्हता. आमचे सगळे पट्टे काळे आणि एकसारखे, हंगाम संपल्यावर जुने टाकून दिले, त्यामुळं आता तपासता येत नाही. ऑक्टोबरपासून रोसीओला आम्ही कामावर घेतलेलं नाही. एप्रिलमध्ये पुन्हा शाळा सुरू होते. पट्टा तुमच्या हातात होता. काय झालं ते दोन ओळींत लिहून पंधरा मार्चपर्यंत पाठवा. त्यावरून तिचं ठरवू. खाली सही, आणि सहीखाली एका पतंगाचं चित्र. आज बारा मार्च. मायकलनं फोन खिशात टाकला, कपात उरलेला चहा पिऊन टाकला, जीभ पोळली, आणि जीभ पोळल्याचं त्याला बरंच वाटलं.

आता मायकल खोटं बोलायचा असं म्हणणं अन्यायाचं होईल. वसईतल्या भुईगावात त्याच्या बापाला सगळे 'बंडल पेद्रू' म्हणत. एका वादळात आपली केळीची वाडी मुळांसकट उडाली, शेजाऱ्याच्या शेतात जशीच्या तशी ओळीनं उभी राहिली, आणि त्या वर्षी शेजाऱ्यानं आपले लोंगर कापले, ही गोष्ट पेद्रू पन्नास वर्षं सांगत होता. शेवटी शेवटी तो शेजारीही शपथेवर ती खरी म्हणून सांगायला लागला. मायकलला वारशात वाडी आली नाही, ती भावाकडं राहिली, हे आलं. बहरैनला सव्वीस वर्षं काढली त्यानं या जिभेवर. शुक्रवारी सुट्टी, म्हणून इथं रविवारची मिस्सा शुक्रवारी ऐकायची. आणि मिस्सा झाली की मनामाच्या चर्चच्या आवारात, सामोसे आणि बेबिंका विकणाऱ्या बायकांच्या मेजाजवळ, वसईची, उत्तनची, मंगळूरची माणसं मायकलभोवती गोळा व्हायची. ऑक्टोबरात बायको अ‍ॅलिस हाताला प्लास्टर घालून परतली तेव्हा पहिल्या शुक्रवारी त्याच्या गोष्टीत ती फक्त पुरुषभर उंच उडाली होती. आगमनकाळात दोन खजुरीची झाडं. नाताळात तिला आफ्रिकेचे डोंगर स्पष्ट दिसले, डोंगरावरचा मेंढपाळ दिसला, त्यानं हात केला. परवा उपासकाळाच्या दुसऱ्या शुक्रवारी ती वरच्या वर मोरोक्कोच्या हद्दीत शिरली. खालून शिपायानं व्हिसा विचारला, आणि बायको माझी नर्स, कागदपत्रांची पक्की, तिनं लटकत्या लटकत्या एका हातानं बहरैनचं रहिवासी कार्ड काढून दाखवलं. शिपाई म्हणाला, यावर इथं उतरता येत नाही, यल्ला, परत जा. म्हणून ती परत आली. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. उंची बदलली, देश बदलला, मेंढपाळाच्या मेंढ्या चाळीसच्या साठ झाल्या. एकच वाक्य सहा महिने हललं नव्हतं. 'आणि तेवढ्यात, बाबा, पट्टा तुटला.' एवढ्या मोठ्या थापेत तेवढं एकच वाक्य साधं असल्यामुळं त्याच्याकडं कुणाचं लक्ष जात नसे. कन्फेशनलासुद्धा तो गेला होता. जाळीपलीकडं गोव्याचा म्हातारा फादर. त्याला तो म्हणाला, मी गोष्टी वाढवून सांगतो. किती वाढवतोस, फादरनं विचारलं. मायकलनं नमुना म्हणून गोष्ट सांगितली, आणि तिथंही पट्टा तुटलाच.

मनामाहून झल्लाकला जाताना रस्ता पश्चिमेला वळतो, इमारती सरतात, आणि वाळूच्या रंगाची नुसती सपाटी लागते. इतकी सपाट, की डोळ्याला अडायला जागा नसते आणि मन परत मागं येतं. झल्लाकच्या एका रिसॉर्टवर मायकल किनाऱ्याचा सुपरवायझर होता. चौसष्ट छत्र्या, एकशेवीस खुर्च्या, सावलीची चार मोठी कापडं, सात माणसं. काम म्हटलं तर एकच: वारा यायच्या आधी बांधायचं आणि गेल्यावर सोडायचं. शमाल सुटणार म्हणून कळलं की सगळा किनारा तासाभरात मिटवायचा. गाठी त्याच्या, खुंटे त्याचे, आणि नियम त्याचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी छत्रीपुढं उभं करून तो हिंदीत सांगायचा, छत्रीत वारा भरला की सोडायची. धरायची नाही. छत्री दुसरी येते, खांदा दुसरा येत नाही. सगळ्यांत आधी करंगळी सोडायची, मग शेजारचं बोट. बाकीची आपोआप सुटतात. बावीस वर्षं तो हे शिकवत होता आणि बावीस वर्षांत त्याच्या किनाऱ्यावर एकाचाही खांदा निखळला नव्हता. हा नियम गेले सहा महिने त्याच्या फार उपयोगी पडत होता. सकाळी दाढी करताना, रात्रीची गाडी लावताना, प्रार्थनेत जिथं स्वतःचा विचार करायची जागा येते तिथं, तो मनातल्या मनात कुणाला तरी समजावत असे: अहो, कापडात वारा भरला, हाताला बावीस वर्षांची सवय, हात उघडला. माणूस कुठं होता त्यात? हे बरोबर होतं. यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त तिथपर्यंत आलं की दाढीचा हात थांबायचा आणि गालावरचा साबण सुकून ताणायला लागायचा.

स्पेनला जाण्याचं खूळ लॉराचं. आखातातल्या माणसाची रजा त्याची नसते, गावाची असते. सव्वीस वर्षं सगळ्या रजा भुईगावला गेल्या: कुणाचं लग्न, कुणाचा पहिला कम्युनियन, भिंतीला गिलावा, विहिरीला पंप. लॉरा डब्लिनला नर्स झाली, कमवायला लागली, आणि आईबापांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तिनं परस्पर तिकिटं काढली. दहा दिवस, स्पेनच्या अगदी खालच्या टोकाला. "नो शॉपिंग, नो चर्च टूर, पप्पा. यू विल वॉक. यू विल सायकल. मम्मी वॉन्ट्स टू फ्लाय अ काइट." भावाला मायकलनं सांगितलं, यंदा रजा मिळाली नाही. त्यामुळं अ‍ॅलिसच्या मनगटाला पुढं दोन इतिहास झाले. भुईगावात ती न्हाणीघरात घसरली होती, आणि मनामात ती उडाली होती. तो किनारा मायकलला आधी नीट दिसलाच नाही, कारण डोळे उघडे ठेवता येत नव्हते. पूर्वेचा वारा, तिथं त्याला लेवांते म्हणतात, आठवडा आठवडा थांबत नाही. पाइनची झाडं सगळी एका बाजूला कंबरेत वाकलेली, जणू कुणी हाक मारली आणि वळता वळता तशीच राहिली. हॉटेलं नाहीत, छत्र्या तर एकही नाही. मैलच्या मैल रिकामी वाळू आणि त्या वाळूवर समुद्राकडं तोंड करून बसलेल्या तांबूस गाई, रवंथ करणाऱ्या. मायकल पहिल्या दिवशी हिशेब करत होता की इथं छत्र्या लावायच्या तर खुंटा किती खोल घालावा लागेल. अ‍ॅलिस पुढं चालत होती. चोपन्न वर्षांची, गुडघ्याचा सांधा धरलेला, हॉस्पिटलच्या लांब गल्ल्यांतून सत्तावीस वर्षं चाललेली बाई. पण तिथं कड्यावरच्या वाटेनं ती अशी चालली, की जणू कुणी बेल वाजवलेलीच नाही आणि वाजवणारही नाही. वळून बोलायची तेव्हा वारा केस तिच्या तोंडात घालायचा, ती ते थुंकायची आणि हसायची. मायकलनं मनात नोंद केली, की हे हसणं आपण ओळखत नाही. लगेच पुढची नोंद केली, की वाऱ्यानं असं होत असेल.

चौथ्या संध्याकाळी, बारा किलोमीटर चालून आल्यावर, भाड्याच्या खोलीबाहेरच्या पायरीवर अ‍ॅलिस टाचांना मलम चोळत बसली होती. ऊन मावळायचं नाव घेत नव्हतं. समोर समुद्रापलीकडं आफ्रिका इतकी जवळ, की तिथल्या डोंगरावरची घरं मोजावीत. ती मलमावरून नजर न काढता म्हणाली, "जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं. मी रिन्यू नाही करणार. लॉराकडं जाते. तिच्या इथं म्हाताऱ्यांच्या होमला माणसं पायजेत, मी फॉर्म भरलाय." मायकल म्हणाला, "फॉर्म कधी भरलास?" "ईस्टरला. तू ये. नाय यायचं तर नको येऊ, झल्लाकला राहा, मी रागावणार नाय. पण मायकल, मला आता गोष्ट सांगू नको." आणि मायकलनं गोष्ट सांगितली. भुईगावचा एक इसम आयर्लंडला गेला. तिथं पाऊस इतका, की वर्षभरात त्याच्या कानांत शेवाळ धरलं. दर शनिवारी त्याची बायको चमच्यानं कान खरवडायची, आणि एका शनिवारी आतून बेडूक निघाला, तो इंग्रजी बोलत होता. अ‍ॅलिस हसली. खरंच हसली, ती त्याच्या गोष्टींना नेहमी हसायची, तीस वर्षांत एकदाही उसनं हसली नव्हती, हे तिच्या पारड्यात टाकलं पाहिजे. मग तिनं मलमाच्या डबीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. तो आवाज, पत्र्यावर पत्रा फिरल्याचा, आजही मायकलला कधीकधी छत्रीचा स्क्रू आवळताना ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी पतंग. रबरी सूट अंगात चढवायला मायकलला पंचवीस मिनिटं लागली आणि त्यातली दहा तो उलटा घातला म्हणून गेली. रोसीओ, पंचविशीची, नाकावर पांढरं मलम फासलेली, हसून हसून वाळूत बसली. तिनं अ‍ॅलिसच्या कमरेला घोड्याच्या साजासारखं एक जाड कवच आवळलं. समोर आकडा, आकड्यातून दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला खोलीएवढा निळा पतंग. आणि कवचाच्या मागं, कण्यावर, मूठ मावेल एवढा शिवलेला काळा पट्टा. शिकणारा वर उचलला जाऊ नये म्हणून मागं एकानं तो पट्टा धरून उभं राहायचं. तासभर रोसीओच उभी होती. मग दुसऱ्या एका शिकाऊच्या दोऱ्या गुंतल्या, तो ओरडायला लागला. रोसीओनं मायकलला जवळ बोलावलं, त्याची मूठ पट्ट्यात घातली, आपल्या मुठीनं ती वरून दाबली आणि डोळ्यांत बघून म्हणाली, "एक मिनिट. कितीही ओढलं तरी सोडायचं नाही." ती धावत गेली. गुडघाभर पाणी. उडती वाळू पोटऱ्यांना टोचत होती. मायकलच्या नाकासमोर अ‍ॅलिसची पाठ, ओली वेणी, मानेवरचा तो तीळ. मग वाऱ्यानं जोर धरला आणि पट्टा ओढला जायला लागला. आधी वाटलं, पतंग ओढतोय. मग कळलं, की पतंगाइतकीच ती ओढतेय. टाचा वर उचललेल्या, छाती पुढं, सगळी बाई पुढं झुकलेली. झल्लाकला असा ओढा त्यानं हजारदा हातात घेतला होता, पण कापड असं झुकत नाही. त्या क्षणाला आत एक जागा होती. बोलायला ती क्षणाएवढीच, पण आत उभं राहिलं तर ऐसपैस. तिथं वारा नव्हता, आवाज नव्हता, फक्त मलमाच्या डबीचं झाकण फिरत होतं. मायकल तिथं उभा राहिला, त्यानं इकडं तिकडं पाहिलं, आणि करंगळी सोडली. मग तिच्या शेजारचं बोट.

ती पुरुषभर उंच गेली, पंधरावीस हात पुढं, आणि उथळ पाण्यात डाव्या हातावर पडली. बस, एवढंच झालं होतं. पडल्यावर ती पाण्यात बसून वेड्यासारखी हसत होती आणि मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं. रोसीओ धावत आली, तिनं आधी अ‍ॅलिसकडं पाहिलं, मग मायकलच्या रिकाम्या मुठीकडं. गावातल्या दवाखान्यात प्लास्टर घालताना लॉराचा फोन आला, "पप्पा, व्हॉट हॅपन्ड?" आणि मायकलच्या तोंडून, श्वास बाहेर पडावा तसं, "पट्टा तुटला." त्यात काही कट नव्हता. वाक्य तयारच होतं, कुठूनसं आलं, बापाकडून आलं असेल. पलंगावर अ‍ॅलिस छताकडं बघत होती. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा छताकडं पाहिलं. ती म्हणाली नाही की तुटला, म्हणाली नाही की नाही तुटला. बहरैनला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली मायकलच्या बोटांतून घसरून पडली, आणि ती पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं. डॉक्टरांनी कोपरातली नस तपासली, फोटो काढले, मानेचेही काढले. नस ठीक. कधीकधी होतं असं, येईल जाणीव, इंशाल्ला.

जनाबियात एका व्हिलाच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत होते. रोज ड्यूटीवरून आल्यावर, चहा टाकायच्या आधी, अ‍ॅलिस टेबलाशी बसून त्याचा हात समोर घ्यायची, त्याला डोळे मिटायला लावायची आणि टाचणीनं टोचून बघायची. "इथं?" "हो." "इथं?" "थोडं." "आता?" "हो." शेजारी एक जुनी डायरी, तिच्यात ती तारीख आणि बोटं लिहायची. मायकल आवाजावरून, तिच्या श्वासावरून अंदाज करायचा आणि ठोकून द्यायचा. तिला बरं वाटावं म्हणून, असं तो स्वतःला सांगे. कधी ती टोचायचीच नाही, नुसतं "इथं?" विचारायची, आणि तो "हो" म्हणायचा. तेही ती लिहायची. जूनबद्दल दोघं बोलत नव्हते. भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरमध्ये जूनच्या अकरा तारखेला तिनं पेनानं एक बारीक टिंब केलं होतं; पान उचलून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असं, आणि मायकल पाणी प्यायला उठला की ते पान उचलून पाहायचा.

मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शमाल सुटला. सांगितल्यापेक्षा तीन तास आधी. मायकल आणि रावजी पहिल्या नंबरपासून एकाआड एक छत्र्या मिटवत येत होते. रावजी गुहागरकडचा, मायकलच्या हाताखाली अठरा वर्षं. नवीन माणसांना आता नियम तोच शिकवायचा, मायकलच्या आवाजात, मायकलच्याच विनोदांसकट. अर्ध्याहून जास्त किनारा मिटला होता, आकाश पिठासारखं पांढरं झालं होतं, आणि रावजीच्या हातातली एकेचाळीस नंबरची छत्री मिटता मिटता फुगली. मायकलला ते तीस पावलांवरून दिसलं. कापड गोल झालं, दांडा खळग्यातून वर आला, रावजी टाचांवर आला. "सोड," मायकल म्हणाला. रावजीनं सोडलं नाही. "रावजी, सोड रे." छत्रीनं त्याला चार पावलं नेलं, गुडघ्यांवर पाडलं, वाळूतून फरफटत खुर्च्यांच्या रांगेत नेलं, आणि तिथं कापड एका खुर्चीला अडकून फाटलं तेव्हा ती थांबली. रावजी छत्रीवर उपडा पडला होता आणि दोन्ही हातांनी दांडा तसाच धरून होता. मायकल धापा टाकत पोचला.

"खांदा?"

"आहे जागेवर." रावजीनं तोंडातली वाळू थुंकली. "शिव्या द्या साहेब, मग उठतो."

"अठरा वर्षं काय शिकवलं तुला? तू दुसऱ्यांना काय शिकवतोस?"

"शिकवतो ना. बरोबर शिकवतो." रावजी उठून बसला. एक एक बोट उलगडून त्यानं दांडा सोडला, जणू बोटं गंजली होती. "पण खरं सांगू का, हात कुठं ऐकतो? कितीही शिकवा, कायतरी ओढून चाललं की हात आवळतोच. सोडायला आधी ठरवावं लागतं. मी दरवेळी ठरवतो, मनात म्हणतो, सोड रावज्या, तेव्हा कुठं सुटतो. आज ठरवायला टाइम नाही मिळाला." तो हसला. "तुमचं तसं नसेल. तुमचा हात तयार."

"हो," मायकल म्हणाला. "माझा तयार आहे."

मग दोघांनी मिळून उरलेल्या तेवीस छत्र्या मिटवल्या. मायकल प्रत्येक छत्रीशी आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. हात काम करत होता. आवळत होता, फिरवत होता, गाठ मारत होता. कापडाला झटका बसला की मूठ घट्ट होत होती. प्रत्येक वेळी. तो मुद्दाम थांबून बघू लागला. बावन्न नंबरला झटका, मूठ घट्ट. त्रेपन्नला, घट्ट. सवय नावाचा जो माणूस तो इतके दिवस पुढं करत होता, तो चौसष्टाव्या छत्रीपर्यंत कुठं भेटला नाही. मायकलला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. शेवटचा खुंटा ठोकताना आपण इथं आहोत आणि हातोडा खाली येतोय एवढंच त्याला कळत होतं, आणि तेही आवाजावरून. ऑफिसच्या शेडमध्ये येऊन वाळू झटकत त्यानं डाव्या हातानं मेल लिहिला. पट्टा तुटला नाही. रोसीओनं मला सोडू नका म्हणून सांगितलं होतं. मी सोडला. खाली नाव लिहिलं. दोन ओळी मागितल्या होत्या, तीन झाल्या; वाढवून सांगण्यातली ती त्याची आयुष्यातली सगळ्यांत छोटी वाढ. पाठवायचं बटण त्यानं उजव्या हाताच्या करंगळीनं दाबलं. दाबलं गेलं की नाही ते फोननं सांगितलं.

घरी अ‍ॅलिस आधीच आली होती. खिडक्यांच्या फटींत तिनं ओली फडकी कोंबली होती तरी टेबलावर धुळीचा पातळ थर होता, आणि त्या थरात टाचणी आणि डायरी मांडून ठेवलेली. मायकल बूट न काढता बसला आणि त्यानं फोन तिच्यापुढं सरकवला. तिनं चष्मा लावला. शाळेचा मेल वाचला, मग त्याचं उत्तर वाचलं. तीन ओळी वाचायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ ती वाचत होती.

"ती पोरगी सहा महिने घरी बसली," ती म्हणाली.

"हो."

"मला ठाऊक होतं तुटला नव्हता. माझ्या पाठीवर होता ना तो? दवाखान्यात साज काढला तेव्हा मी हात लावून बघितला. अख्खा होता." तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. "मी पण गप्पच बसले. लॉराला एक फोन करायचा होता, तो केला नाय. मला वाटलं, हा सांगेल. आज सांगेल, नाताळला सांगेल. तुझ्या गोष्टीत मी आफ्रिकेला जाऊन आले, पण तू काय त्या पट्ट्यापाशी आला नाय."

"मी मुद्दाम सोडला," मायकल म्हणाला.

"ते पण ठाऊक आहे. पाठीवरचा हात घसरला की वेगळं लागतं आणि काढून घेतला की वेगळं लागतं. सत्तावीस वर्षं पेशंट उचलते मी." बाहेर शमालनं कुणाचा तरी पत्रा धरून हलवला. "वर होते ना मी, दोनतीन सेकंद असेल, तेव्हा मला वाटलं, चला, यानं सोडलं. आता भांडण नाय, रडारड नाय, मी जाऊ शकते. इतकं हलकं वाटलं मला. आणि खाली आले तर तू फोनवर सांगतोस, तुटला. म्हणजे कोणी काहीच केलं नाय. ना तू, ना मी."

मायकलनं तोंड उघडलं. आत एक गोष्ट तयार होती, चांगली होती, तिच्यात एक गाय होती आणि पोर्तुगीज बोलणारा एक दीपगृहवाला. त्यानं तोंड मिटलं. अ‍ॅलिस वाट बघत होती. सवयीनं तिच्या ओठांची कड आधीच थोडी वर गेली होती. गोष्ट येत नाही असं पाहून ती कड हळूहळू खाली आली.

"अकरा जूनचं तिकीट आहे," ती म्हणाली. "एक आहे. दुसरं काढायचं की नाय ते तू सांगायचं. आज नको. हात दे."

त्यानं हात टेबलावर ठेवला. चहानं भाजलेल्या जागी फोड आला होता. तिनं तो पाहिला, बोटाच्या टोकानं भोवतीची धूळ पुसली. ते त्याला नुसतं दिसलं. "डोळे मीट." त्यानं मिटले. टाचणी उचलल्याचा आवाज आला नाही. डायरीचं पान उलटल्याचा आला नाही. वारा होता, फ्रिज गुरगुरत होता, तिचा श्वास होता, आणि तो श्वास काही सांगत नव्हता.

"तुझी ती दोन बोटं," अ‍ॅलिसचा आवाज आला, "मी धरलीत की सोडलीत?"

'धरलीस' म्हणणं सोपं होतं. मायकलनं त्या हाताकडं, तो जिथं असेल तिथं, सगळं लक्ष नेलं. कोपरापर्यंत त्याला हात सापडत होता. मनगटही सापडलं. पुढं अंगठा होता, दोन बोटं होती, आणि त्यापुढं तो रिकामा किनारा, जिथं छत्र्या नाहीत, माणसं नाहीत, नुसता वारा वाहतो आणि अंगाला लागत नाही.

"कळत नाही," तो म्हणाला.

"बरं," अ‍ॅलिस म्हणाली. पेनाचं टोपण निघालं. तिनं काहीतरी लिहिलं, थोडंसंच, एका हातानं लिहिता येईल एवढं. दुसरा हात कुठं होता ते तिनं सांगितलं नाही, आणि मायकलला डोळे उघडायची घाई नव्हती.